कांदा, डाळिंब, केळी : सोलापूर जिल्ह्यात मालाच्या मागोमाग

रेल्वेनं माल पाठवणं ट्रकपेक्षा स्वस्त पडतं, हे आपण शाळेच्या भूगोलापासून वाचत आलो. तरीही पुणे-सोलापूर महामार्गावर रात्री उभं राहिलं की कांदा, डाळिंब, केळी ट्रकमधूनच जाताना दिसतात. शेजारचा लोहमार्ग दुहेरी झाला, त्यावर वीज आली, पण त्यावरून शेतमालाची गाडी क्वचितच जाते. माझी थोरली बहीण सांगोला तालुक्यात दिली आहे, दाजींची डाळिंबाची बाग आहे. या विषयावर फोनवर बोलणं निघालं की ते म्हणायचे, "हिशेब फोनवर कळत नसतो, या एकदा." संक्रांत उरकली आणि मी निघाले.

शुक्रवार : सोलापूर

आदल्या रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं उतरले होते. सकाळी रिक्षा केली आणि थेट हैदराबाद रोडवरची सिद्धेश्वर बाजार समिती गाठली. थंडी चांगलीच होती. गेटच्या अलीकडेच रात्रीपासून मुक्कामाला आलेल्या गाड्यांची रांग होती. टपावर घोंगडी पांघरून झोपलेली माणसं, खाली स्टोव्हवर चहा. डिसेंबर-जानेवारीत इथं दिवसाला शेकडो गाड्या कांदा उतरतो. आत शिरल्यावर डोळ्यांना झोंबेल असा वास आणि गोण्यांच्या थप्प्यांमधून माणूस आडवा होऊनच जाईल एवढी वाट.

लिलाव जवळून पाहिला. मुनीम गोणीचं तोंड उसवतो, दोन-चार कांदे हातावर घेतो, एक दाबून बघतो, सालाचा रंग उजेडात धरतो आणि पुकारा सुरू. खरेदीदारांत मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी सगळं एकदम चालू. मिनिटभरात ढीग विकला जातो आणि तो माणूस पुढच्या ढिगाकडे सरकतो. शेतकरी मागे उभा असतो, हातात टोपी किंवा रुमाल. चार महिन्यांचं पीक त्या मिनिटात ठरतं, हे बघताना माझ्या पोटात कालवलं.

एका आडत्यानं गादीवर बसवून चहा दिला. मी विचारलं, "मालक, हा माल रेल्वेनं का नाही जात?" त्यांनी उत्तराऐवजी समोरच्या गाडीकडे बोट दाखवलं. "ही गाडी संध्याकाळी भरली की पहाटे हैदराबादच्या बाजारात उभी. बंगळूरला उद्या. रेल्वेला द्यायचं तर इथनं मालधक्क्यावर न्या, उतरवा, रेक म्हंजे अख्खी मालगाडी, ती लागेपर्यंत राखण ठेवा, भरा. तिकडं परत उतरवा, परत गाडीत घाला. कांदा हाय ताई, पोलाद न्हाय. दर हाताळणीला साल जातंय, वजन जातंय, हमाली जातीय."

सोलापूरच्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक दक्षिणेत आहे. हैदराबाद तीनशे किलोमीटर, बंगळूर साधारण दुप्पट. एवढ्या अंतरात रेल्वेचा किलोमीटरमागचा स्वस्त दर आपली करामत दाखवायच्या आधीच गाव येतं. दोन्ही टोकांचा खर्च मात्र शंभर किलोमीटरला जेवढा, तेवढाच दोन हजाराला.

लांबच्या पल्ल्याचं उदाहरण आपल्या राज्यातलंच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिक भागातून दिल्लीला 'कांदा एक्सप्रेस' गेली, एका रेकमध्ये १६०० टन. तेव्हा सरकारनं सांगितलेला हिशेब असा : ५६ ट्रकांचा माल रेल्वेनं नेला तर ७०.२० लाख रुपये, रस्त्यानं ८४ लाख. रेकमागे १३.८० लाखांची बचत. मी आडत्याच्या गादीवर बसूनच भागाकार केला. किलोला ८६ पैसे. शेतकऱ्याला किलोमागे ८६ पैसे जास्त मिळाले तर ते लहान नाहीत. पण तो माल सरकारी साठ्याचा होता, एका हातात होता. इथं तेवढाच माल एका दिवसात आवारात असतो, पण शेकडो शेतकऱ्यांचा आणि कितीतरी खरेदीदारांचा. पन्नास किलोच्या बत्तीस हजार गोण्या एका गाडीसाठी, एका दिवशी, एका गावाच्या नावानं कोण गोळा करणार? आणि ठरलेल्या तासांत रेक रिकामी झाली नाही की डेमरेज, म्हणजे गाडी अडवून ठेवल्याचा दंड, सुरू.

याच आवारातली फेब्रुवारी २०२३ ची ती पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, बहुतेकांनी वाचली असेल. बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा आणला, किलोला रुपया भाव मिळाला आणि गाडीभाडं, हमाली, तोलाई कापून हातात दोन रुपयांचा चेक पडला. पल्ला जेमतेम सत्तर किलोमीटरचा होता. वाहतुकीचा खर्च भावाकडे बघून कमी होत नाही, आणि भाव पडला की पहिला घास तोच घेतो. रेल्वे की ट्रक हा वाद मला म्हणूनच नुसता तज्ज्ञांचा वाटत नाही.

बाजार बघायला जायचं असेल तर सकाळी लवकर जा, पायात बंद बूट घाला, गोण्या वाहणाऱ्या हमालांच्या वाटेत उभे राहू नका. यात्रेच्या दिवसांत सुट्ट्या असतात, आधी चौकशी करा. संध्याकाळी होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, फिरले, सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं. जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही. शेंगाचटणी घ्यायची तर उखळात कुटलेली, तेल सुटलेली मागा.

शनिवार : मंगळवेढा, सांगोला

दाजी न्यायला आले होते, जीपमध्ये मागे रिकामी क्रेट खडखडत होती. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी छातीपर्यंत आलेली. दाजींच्या मित्राच्या शेतात हुरडा होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं तळहातावर चोळून समोर येतात ती इतकी गरम, की फुंकर मारतच खायची. बरोबर गूळ, चटणी, ताक. हुरडा आणि वाहतूक यांचा संबंध नाही, पण जानेवारीत या रस्त्यानं जाणाऱ्यानं हुरडा चुकवू नये.

तिथंच मित्राचा मामेभाऊ भेटला. दहाचाकी ट्रक चालवतो. त्यानं दिल्लीचा हिशेब बांधावर काटकीनं मातीत लिहून दाखवला. पल्ला चौदा-पंधराशे किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते, म्हणजे साडेतीनशेच्या वर लिटर डिझेल. नव्वद रुपयांच्या भावानं बत्तीस-तेहतीस हजार. अठरा टन मालावर वाटलं तर किलोला एक रुपया ऐंशी पैसे, आणि हे नुसतं डिझेल. टोल, टायर, हप्ता, दोन माणसांचं खाणं-पिणं वेगळं. "पण खरा हिशेब इथं संपत न्हाई," तो म्हणाला. "आझादपूर मंडीत गाडी खाली झाली की परतीचा माल कधी मिळतो, त्यावर आमचं घर चालतं. मिळाला तर भाडं कमी सांगतो. न्हाई मिळाला तर येताना पण डिझेल जळतंच की."

रिकामी फेरी. हा शब्द मला पुढं सगळीकडे भेटला.

दुपारी बागेत पोचलो. ताईनं शेंगापोळ्या केल्या होत्या. मृग बहाराची शेवटची तोडणी चालू होती, भगवा या जातीची फळं उन्हात चमकत होती. अर्धा एकर मात्र मोकळा होता. मध्यंतरी खोडाला भोकं पाडणाऱ्या पिन होल बोरर किडीनं या भागात बागाच्या बागा उपटायला लावल्या, त्यातला तो तुकडा. दाजी त्या मोकळ्या ओळींमधून चालताना बोलत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळी ते मला सांगोला स्टेशनवर घेऊन गेले. देशातली पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला सुटली, १५१९ किलोमीटर, बत्तीसेक तासांत. त्याच वर्षी २८ डिसेंबरला शंभरावी सुटली ती या सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीवरून झेंडा दाखवला तेव्हा दाजी इथं फलाटावर होते. ही कंटेनरची गाडी नव्हती, पार्सल डब्यांची होती. फळं-भाज्यांच्या भाड्यात निम्मी सवलत होती.

दाजींनी तेव्हाच्या पावत्या अजून जपून ठेवल्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेल्या, शाई फिकट झालेल्या. त्यांच्या म्हणण्यानुसार सवलतीपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. "किमान मालाची अट नव्हती. माझ्याकडं चाळीस क्रेट असली तर चाळीस. ट्रकनं कलकत्त्याला पाठवायचं तर अख्खी गाडी भरायला लागती. ती भरणारा व्यापारी असतो, आपण न्हाई. म्हणून आपण बांधावर देतो आणि तो म्हणंल तो भाव घेतो. त्या रेल्वेनं पहिल्यांदा माझ्या नावाची पेटी कलकत्त्यात उतरली." शिवाय ट्रकला चार-पाच दिवस लागतात तिथं गाडी दोन दिवसांच्या आसपास पोचायची. डाळिंब टिकाऊ फळ खरं, पण उन्हातल्या ट्रकमध्ये साल सुकतं आणि भाव सालावर असतो.

मग ही किसान रेल का थांबली? सवलत संपली, हे एक. बागा गेल्या, हेही खरं. तिसरं कारण त्या ट्रकवाल्यानं मातीत लिहिलंच होतं. सांगोल्याहून कोलकात्याला डाळिंब जातं, पण कोलकात्याहून सांगोल्याला काय येणार? डबे परत आणण्याचं भाडं कुणाच्या तरी खात्यावर पडतंच. ट्रकवाला दिल्लीत दोन दिवस थांबून, दहा ठिकाणी फोन लावून इंदूरचा का होईना माल मिळवतो. अख्ख्या गाडीला तसं दारोदार फिरता येत नाही.

मला विचाराल तर या योजनेतला पैसा चुकीच्या जागी जास्त गेला. भाड्यातली सूट दिसते, तिची बातमी होते. पण त्यातला काही भाग फलाटालगतच्या शीतगृहात, सावलीच्या शेडमध्ये आणि वजनकाट्यावर पडला असता, तर सूट गेल्यावरही ते जागेवर राहिलं असतं. किमान मालाची अट नसलेला डबा ही मात्र खरोखर मोलाची कल्पना होती. ती बंद पडू द्यायला नको होती.

रविवार : पंढरपूर, कुर्डुवाडी

सकाळच्या गाडीनं निघालो. दाजीही बरोबर आले, त्यांना कंदरचं केळ्यांचं पॅकहाऊस बघायचं होतं. पंढरपुरात मुखदर्शन घेतलं, रांग कमी होती. ज्यांच्याकडे वेळ थोडा आहे त्यांनी एकादशी आणि शनिवार-रविवारची दुपार टाळून सकाळी जावं.

कुर्डुवाडीला उतरल्यावर जुनी हकिगत आठवल्याशिवाय राहत नाही. या स्टेशनाचं जुनं नाव बार्शी रोड. बार्शी ही मोठी व्यापारपेठ, पण मुख्य लोहमार्गापासून बाजूला. बैलगाड्यांनी माल इथवर यायचा. मग एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे घातली, १८९७ मध्ये ती सुरू झाली. पुढं एका बाजूला पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत, दुसऱ्या बाजूला लातूरपर्यंत गेली. बैलगाडीपेक्षा किती तरी स्वस्त. पण कुर्डुवाडीत छोट्या वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, मोठ्या वाघिणीत प्रत्येक पोतं हमालांना हलवावं लागे. ब्रॉडगेज झालं तेव्हा, म्हणजे या शतकात, ती अदलाबदल संपली.

फलाटावर चहा घेताना एक म्हातारे गृहस्थ शेजारी बसले. वडील नॅरोगेजच्या वेळी इथं हमालीला होते, म्हणाले. "दोन गाड्या समोरासमोर लागायच्या आणि मधी फळी. फळीवरनं दिवसभर पाठीवर पोती. बाबांचा खांदा इथं," त्यांनी स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, "दगडासारखा झालता." कंटेनरनं जगभर जे काम केलं ते त्या फळीला बाजूला सारण्याचंच. माल पेटीत एकदा बसला की पेटी हलते, माल हलत नाही. आडत्यानं सांगितलेलं साल जाणं, वजन घटणं, दोनदाची हमाली, या सगळ्यावर उत्तर तेच आहे.

सोमवार : कंदर

रात्री टेंभुर्णीत उतरलो होतो. जेवणाला बाजार आमटी, डाळींचा घट्ट, तिखटजाळ रस्सा आणि त्यात कुस्करलेली भाकरी. सवय नसेल तर पहिल्यांदा जपून. सकाळी धुक्यात कंदरला निघालो. उजनीच्या पाण्यामुळे करमाळा-माढ्याचा हा पट्टा केळीचा झाला आणि इथून केळी समुद्रापार जातात.

पॅकहाऊस म्हणजे लांबलचक शेड. घडाच्या फण्या धारदार पात्यानं सोडवतात, चीक निघून जावा म्हणून तुरटीच्या पाण्याच्या हौदात टाकतात. हौदाच्या दुसऱ्या काठाला उभी मुलं एकेक फणी उचलून बोटांची लांबी बघतात, डाग असलेलं बोट कापतात, पुसतात. मग फोमचा कागद, पिशवी, तेरा-साडेतेरा किलोचं खोकं. ही मुलं पश्चिम बंगालची. दाजींनी डाळिंबाचा विषय काढताच त्यातल्या एकानं मोडक्या हिंदीत कोलकात्याच्या मेछुआ फळबाजारात भगव्याची पेटी कशी विकली जाते ते सांगायला सुरुवात केली. त्याचा चुलता तिथं हातगाडी लावतो. दाजी हौदाच्या काठावर बसून त्याला प्रश्नावर प्रश्न विचारत राहिले.

बाहेर चाळीस फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा, कंटेनर ट्रेलरवर लागलेला, त्याचा जनरेटर घरघरत होता. आत तापमान तेरा-चौदा अंशांवर. दीड हजारांच्या आसपास खोकी बसतात. मालक मोकळे गृहस्थ होते, त्यांनी गणित उलगडलं. कंटेनर मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून रिकामा येतो आणि भरून न्हाव्याला जातो. पल्ला तीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर, पण भाडं दोन्ही बाजूंचं. पुन्हा तीच रिकामी फेरी.

"मग जेऊरहून रेल्वेनं?" मी विचारलं. जेऊर स्टेशन इथून जवळच. ते म्हणाले, आंध्रातल्या ताडीपत्रीहून जानेवारी २०२० मध्ये गेली होती की केळ्यांची गाडी न्हाव्याला, ४३ रीफर कंटेनर, ९८० टन. पण तिथून न्हावा लांब आहे आणि एकाच कंपनीनं एकदम तेवढा माल उभा केला. इथं चाळीसेक कंटेनर एका दिवशी भरायचे तर सगळ्या पॅकहाऊसनी एकत्र तोडणी लावायला हवी. जेऊरला भरलेला कंटेनर उचलणारं यंत्र हवं, उभ्या कंटेनरला विजेचे प्लग हवेत. आणि बोट चुकली तर? ट्रेलर रात्री दोनला निघू शकतो. त्यांचं म्हणणं मला पटलं. तीनशे किलोमीटरला आज ट्रकच बरोबर आहे आणि तसं म्हणण्यात रेल्वेचा काही अपमान नाही. हेच केळ दिल्लीला किंवा पंजाबात जायचं असेल तर गणित उलटतं, आणि तिथं कंटेनरची ठरल्या वारी सुटणारी गाडी नसणं हे जिल्ह्याचं दर हंगामाचं नुकसान आहे.

दाजींना आशा होती की केळ्यांच्या कंटेनरमध्ये आपली शंभर क्रेट कुठं तरी बसतील. ते जमणार नाही. डाळिंबाला पाच-सात अंश लागतात, त्या थंडीत केळ काळं पडतं.

मग जेवणाच्या वेळी खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनी वेगळाच हिशेब मांडला. एक पार्सल डबा, साधारण २३ टन. वीस किलोच्या क्रेटनं ११५०. थंडीत दोन दिवसांच्या प्रवासाला साधा डबाही चालतो. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीला तो जोडून मिळाला, तर अख्खी रेक भरायची गरजच नाही. गावातली, शेजारच्या वाडीतली, सोयऱ्यांची नावं लिहून झाली. तीनशे क्रेट कमी पडत होती. त्यांनी पंढरपूरकडच्या एका बागायतदाराला फोन लावला. तिकडून पहिला प्रश्न भाड्याचा आला नाही. "गाडी ठरल्या दिवशी निघणार का? न्हाई निघाली तर तोडलेला माल कुणाचा?" दाजी म्हणाले, हे लेखी घेतल्याबिगर आपण एक फळ तोडायचं नाही.

ते सोलापूरला रेल्वेच्या विभागीय कार्यालयात अर्ज घेऊन जाणार आहेत. कुणाला आपल्या भागासाठी असा प्रयत्न करायचा असेल तर त्यांनी काढलेले प्रश्न इथं देते. डबा भरायला किती वेळ मिळणार आणि तो कोणत्या फलाटाला लागणार. अर्धा भरला तरी पूर्ण भाडं द्यावं लागेल का आणि ते आपसांत कसं वाटायचं. वाटेत डबा दुसऱ्या गाडीला जोडला जाणार असेल तर तिथं तो किती तास उभा राहणार. उतरवून घ्यायला तिकडं आपला माणूस कोण. शेवटच्या प्रश्नासाठी त्यांनी हौदाकाठच्या त्या मुलाकडून चुलत्याचा नंबर घेतला आहे.